दोन बाजार जाऊ द्यायचे होते

ही गोष्ट सांगायचं मी पस्तीस वर्षं टाळलं. टाळणं फारसं अवघड गेलं नाही. एक-दोनदा सोडलं तर मला कोणी विचारलं नाही, आणि बाकी ज्यांनी विचारायला हवं होतं त्यांना विचारण्यासारखं काही आहे याचा पत्ताच नव्हता. बायकोला सांगितलं नाही, मुलीला सांगितलं नाही. सिल्वासातल्या दिवसांचा विषय निघाला की दमणगंगेला आलेलं पाणी, वापी स्टेशनवरून मिळेल त्या टेम्पोत बसून केलेले प्रवास, असलं काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचो. शेजारच्या मावशींच्या कोंबड्यांचं पुढे काय झालं, असं मुलीनं एकदा विचारलं, तेव्हा म्हणालो, "मानमोडी आली, सगळ्या गेल्या." कोंबड्यांच्या त्या रोगाला मानमोडीच म्हणतात, त्यामुळे खोटं काही बोललो नाही. ती कुठून आली तेवढं सांगितलं नाही.

आता मला ब्याऐंशी पूर्ण झाली. बायको जाऊन सहा वर्षं झाली. सकाळचा पेपर वाचून झाला की दूधवाल्याशिवाय दिवसभरात बोलायला कोणी नसतं. अशा वेळी मला एक मुलगी आठवते. शेजारच्या घरात सून म्हणून आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची असेल. तिच्यावर एक ठपका आला आणि तो माझा होता. मला तो एका वाक्यात काढून टाकता आला असता. मी ते वाक्य बोललो नाही.

ऐंशीच्या दशकात मी सिल्वासाला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. टोकरखाड्याला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. बायको रत्नागिरी जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका. तिची बदली इकडे होणं शक्य नव्हतं, कारण तिचं खातं वेगळं, माझा केंद्रशासित प्रदेश वेगळा. ती आणि मुलगी मे महिन्यात यायच्या आणि मग दिवाळीत. बाकीचे दिवस मी, एक स्टोव्ह आणि एक ट्रान्झिस्टर. रविवारी आपण दिवसभर कोणाशी बोललोच नाही हे मला संध्याकाळी वाण्याच्या दुकानात कळायचं. "अडधो किलो चोखा", म्हणजे अर्धा किलो तांदूळ, म्हणायला तोंड उघडायचो तर घसा बसलेला असायचा.

क्वार्टरच्या मागे मोकळी जागा होती. माझ्या आणि शेजारच्या परसामध्ये गुडघाभर उंचीची भिंत. पलीकडे आमच्याच कचेरीतला ड्रायव्हर राहायचा, नंदुरबारकडचा, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, आणि त्याची आई. ती विधवा होती. मी तिला मावशी म्हणायचो. घरात मायलेक अहिराणी बोलायचे. माझ्याशी मात्र ती जरा सांभाळून, शाळेतल्या मराठीत बोलायची आणि मध्येच घसरायची, 'आहे'चं 'शे' व्हायचं.

तिच्या बावीस कोंबड्या होत्या. पैकी एक तांबडा कोंबडा. ओळख झाली तीही कोंबडीमुळेच. एका सुट्टीच्या दिवशी ती भिंतीपाशी येऊन म्हणाली, "भाऊ, माझी काळी तुमच्याकडे शिरली का?"

"शिरलीय. माझ्या अंथरुणावर बसलीय."

"व माय! मग उठवू नका तिला. अंडं झालं की आपली आपण येईल. अर्धं अंडं तुमचं."

"अर्धं अंडं कसं करायचं, मावशी?"

"उकडून," ती म्हणाली.

त्यानंतर मी कचेरीतून आलो की हातपाय धुवून थेट भिंतीवर जाऊन बसायचो. ती तिथे दाणे निवडत असायची. पुढच्या दोन वर्षांत कोंबड्यांबद्दल जे काही शिकलो ते त्या भिंतीवर बसून.

तिच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या असायच्या. आमच्या दोघांच्या परसात, मागच्या नाल्याच्या कडेला, सागाच्या झाडांखाली पाचोळा उकरत हिंडायच्या. तरी दोन वर्षांत तिनं दोनच गमावल्या, त्यातली एक कुत्र्यानं नेली. मला याचं नवल वाटायचं. त्यामागे तिचे नियम होते. उन्हं समोरच्या भिंतीवर आल्याशिवाय ती खुराडं उघडत नसे, कारण मुंगूस भल्या पहाटे फिरतं. सकाळी मूठभरच दाणे टाकायची. "पोट भरलं तर किडे कशाला शोधतील?" पण संध्याकाळी मात्र पोटभर, रोज त्याच वेळी, त्याच जागी, एक डबा वाजवून. "हिला दोर बांधता येत नाही ना भाऊ. हा डबाच दोर." परसाच्या मधोमध तिनं बोरीच्या काटेरी फांद्यांचा ढीग रचून ठेवला होता. मला वाटलं सरपण. मग एक दिवस घार खाली आली, कोंबड्यानं घशातून एकच आवाज काढला आणि सगळ्या कोंबड्या त्या ढिगाखाली गुडूप झाल्या. खुराड्याच्या तळाशी तिनं दगड बसवले होते, मुंगसानं उकरू नये म्हणून. दिवेलागणीला सगळ्या आत गेल्या की ती दाराशी वाकून बोटांच्या पेरांवर मोजायची आणि मगच कडी लावायची.

सगळ्यात कडक नियम नव्या पिल्लांचा होता. स्वतःच्या कोंबडीनं उबवलेली पिल्लं असली तर ती महिनाभर आईबरोबर डालग्याखाली असायची. डालगं म्हणजे बांबूची विणलेली मोठी टोपली, पालथी घातली की आतल्यांना बाहेरचं दिसतं आणि बाहेरच्यांना आतलं. पण बाजारातून काही आणलं, पिल्लू असो की मोठी कोंबडी, तर ते घराच्या दुसऱ्या बाजूला, पुढच्या दाराशी. त्याचं पाणी वेगळं, दाणा वेगळा. त्याला हात लावल्यावर ती हात धुवायची आणि मगच मागे यायची.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दोन बाजार जाऊ द्यायचे."

आठवड्याचा बाजार तिचं कॅलेंडर होतं. दोन बाजार म्हणजे पंधरा दिवस.

"का पण?"

"बाजाराची हवा असते अंगाला. ती उतरू द्यायची. जे मरायचं ते तेवढ्यात मरतं. जे राहतं ते आपलं. मग डालग्याखाली घालून मागे आणायचं. चार दिवस नुसतं दिसू द्यायचं, शिवू द्यायचं नाही. मग डालगं उचलायचं. एकदम सोडलं तर जुन्या चोचीनं फोडून काढतात." मग हसून म्हणाली, "सून आली ना घरात, तर तिलाही पहिले चार दिवस डालग्याखालीच ठेवणार शे मी."

तिचा मुलगा आतून ओरडला, "भाऊसाहेब, बघा! अजून पोरगी पसंत नाही आणि डालगं तयार."

मुलगी पसंत झाली त्याच वर्षी. लग्न तिकडे, नंदुरबारच्या पुढच्या एका गावात. मायलेक नऊ दिवसांसाठी जाणार होते. जायच्या आदल्या संध्याकाळी मावशींनी मला डबा दिला, दाण्याचं पोतं दाखवलं, कडी कशी बसते ते दोनदा दाखवलं.

"मला वाटतं मीही चार कोंबड्या पाळाव्यात, मावशी."

"पाळा की. मी आल्यावर आणू. मी निवडून देते. तोवर फक्त मोजा."

पहिले दोन दिवस फार छान गेले. मी वेळेवर उघडलं, वेळेवर डबा वाजवला. बावीसच्या बावीस आत. बावीस म्हटल्यावर कडी लावताना मला नोकरीत कधी वाटला नाही असा अभिमान वाटायचा. पण मोजून झालं की पुढे काही नव्हतं. भिंतीवर जाऊन बसलो तर पलीकडे कोणी नव्हतं. मावशी नसताना त्या परसात किती शांतता असते ते मला तेव्हा कळलं. ती शांतता मला घरातल्यापेक्षा वाईट वाटली.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. मी भाजी घ्यायला गेलो होतो. सायकलच्या कॅरियरवर टोपली बांधलेला एक माणूस पिल्लं विकत होता. तीनेक आठवड्यांची असतील, पंख फुटू लागलेले. त्यानं एक माझ्या तळहातावर ठेवलं. ते तिथंच बसलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, विश्वासानं मिटले. मी आठ घेतली.

मनात दोन गोष्टी होत्या, त्या खऱ्या लिहितो. दिवाळीला मुलगी येईल तोवर ही मोठी होतील, तिला दाखवता येतील. आणि मावशी येतील तेव्हा त्यांना चकित करता येईल. तिसरी गोष्ट अशी की मला घरात काहीतरी आवाज हवा होता.

मी अगदीच नियम मोडला असंही नाही. त्यांना पुढच्या दाराशी डालग्याखाली ठेवलं. पण ती सारखी ओरडायची. सकाळी कचेरीत जातानाही ओरडत होती आणि संध्याकाळी आलो तरी ओरडतच होती. मागे मावशींची तीच काळी कोंबडी खुडूक झालेली होती, म्हणजे अंडी उबवायच्या इच्छेनं बसून होती, पोटाखाली अंडी नसताना. मला वाटलं, हिला पिल्लं हवीत, यांना आई हवी. पंधरा दिवस कशासाठी? बाजाराची हवा म्हणजे म्हातारीची काहीतरी समजूत. मी शिकलेला माणूस होतो. चौथ्या दिवशी दिवेलागणीला मी ती आठही पिल्लं एकेक करून त्या काळीच्या पंखांखाली सारली.

तिनं घेतली. एवढी मोठी पिल्लं कोंबडी सहसा घेत नाही, पण हिनं घेतली. अंग फुगवलं, घशात घुरघुर केली आणि आठही डोकी आत गेली. आवाज थांबला. मी तिथे उकिडवा बसून राहिलो. माझ्या हातून कोणाचं तरी काहीतरी चांगलं झालंय असं त्या गावात मला पहिल्यांदा वाटलं. ते सुख मला अजून आठवतं, आणि त्याची लाज वाटते.

दोन दिवसांनी एक पिल्लू भिंतीशी डोळे मिटून उभं होतं. चोच उघडी, मागे हिरवट पांढरी घाण. दुपारपर्यंत मेलं. दुसऱ्या दिवशी तीन. मी उरलेली घाईघाईनं बाहेर काढून पुन्हा पुढच्या दाराशी नेली. आठव्या दिवसापर्यंत आठही संपली. मी ती नाल्याच्या कडेला सागाखाली पुरली. डालगं धुतलं, उन्हात वाळवलं आणि जागच्या जागी ठेवलं. खुराड्यापाशी जाऊन प्रत्येक कोंबडी नीट पाहिली. सगळ्या खात होत्या, उकरत होत्या, भांडत होत्या. त्यांना काही झालं नाही, मग सांगायचं कशाला, असं मी ठरवलं.

नवव्या दिवशी संध्याकाळी मंडळी आली. सुनेनं उंबऱ्यावरचं माप ओलांडलं. शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या. ती ठेंगणी, गोल चेहऱ्याची, प्रवासानं दमलेली, तरी हसू आवरत नसलेली मुलगी होती. नाव घ्यायला सांगितलं तर उखाणा मध्येच विसरली आणि स्वतःच हसत सुटली. मावशीही हसल्या.

त्या गडबडीतही मावशी मागे आल्या. "भाऊ, किती?"

"बावीस."

"नवं काही आणलं नाही ना?"

हा प्रश्न त्यांनी का विचारला कोण जाणे. कदाचित मी पाळाव्यात म्हणालो होतो म्हणून. मी म्हणालो, "नाही, मावशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं भिंतीवर आल्यावर मावशींनी सुनेला मागे आणलं. मी भिंतीपाशी दात घासत होतो. मावशी तिला म्हणाल्या, "घरची लक्ष्मी तू. आज खुराडं तू उघड." सुनेनं वाकून कडी काढली. कोंबड्या बाहेर पडल्या. तांबडा कोंबडा सगळ्यात शेवटी आला, दोन पावलं चालला आणि थांबला. त्याची मान हळूहळू वळत पाठीकडे गेली आणि चोच आभाळाकडे झाली.

सून सासूला आत्याबाई म्हणायची. ती हसून म्हणाली, "आत्याबाई, हा वर काय बघतोय?"

मावशी हसल्या नाहीत.

सहा दिवसांत सगळ्या गेल्या. मावशी एकेकीला मांडीवर घेऊन चमच्यानं हळदीचं पाणी पाजायच्या. काळी तिसऱ्या दिवशी गेली. चौथ्या दिवशी मी कचेरीतून मधल्या सुट्टीत जनावरांच्या दवाखान्यात गेलो. कोणालाही न सांगता. तिथल्या माणसानं लक्षणं ऐकली आणि मान हलवली. "आता काही उपयोग नाही. बाहेरून नवीन पक्षी आणला होता का कोणी?"

"आणला असेल तर?"

"तर त्यानंच. आणल्यापासून आठवडा-पंधरवडा बाकीच्या ठीकच दिसतात. मग एकदम."

एक आठवडा, पंधरवडा. मावशींचे दोन बाजार. मी सायकल हातात धरून परत चालत आलो.

तोवर क्वार्टरांच्या रांगेतल्या बायकांनी आपलं उत्तर शोधून काढलं होतं. मी ते नळावर ऐकलं. "काल आली आणि आज कोंबडा गेला." "पायगुण असतो बाई, काही म्हणा." "तिनंच उघडलं ना खुराडं?" एकजण कोंबड्यांचा विषय थट्टेवर नेत म्हणाली, "पांढऱ्या पायाची कोंबडी चालते, सून नाही चालत." सगळ्या हसल्या.

मावशींना हे पटत नव्हतं, हे मला इथे मुद्दाम नोंदवायचं आहे. नंतर त्यांच्याबद्दल कोणी वाईट बोलू नये. पहिले चार दिवस त्या बायकांना सरळ तोडून टाकायच्या. "कोंबड्यांना काय कळतं कोण आलं न् कोण गेलं? रोग शे तो." पण सातव्या दिवशी खुराडं रिकामं झालं. त्या रिकाम्या खुराड्यासमोर बसून होत्या. सून मागे दारात उभी होती. शेजारच्या दोघी-तिघी होत्या. मावशी माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, तुम्ही सांगा. नऊ दिवस तुमच्याजवळ होत्या. एकही सुस्त नव्हती? एकीनंही दाणा सोडला नव्हता?"

त्यांना माझ्याकडून एक हो हवा होता. तो मिळाला असता तर त्यांनी तो त्या बायकांच्या तोंडावर मारला असता आणि सुनेला हाताला धरून आत नेलं असतं. मला ते तेव्हाही कळलं होतं. आणि हेही कळलं होतं की हो म्हणालो तर पुढचा प्रश्न येईल, मग त्याच्या पुढचा, आणि शेवटी सागाखालची माती. मग मला त्या भिंतीवर बसता येणार नाही. माझं त्या गावात तेवढंच होतं.

"नाही, मावशी," मी म्हणालो. "सगळ्या ठणठणीत होत्या."

मावशींनी मान खाली घातली. शेजारणींपैकी एकजण "ऐकलंत?" एवढंच म्हणाली. मी सुनेकडे पाहिलं नाही.

त्यानंतर कोणी तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. तसं काही झालं असतं तर कदाचित मला बोलावं लागलं असतं. झालं ते इतकं बारीक होतं की त्यावर बोट ठेवता येत नव्हतं. मावशींनी दोन महिन्यांनी पुन्हा चार कोंबड्या आणल्या, दोन बाजार पुढच्या दाराशी ठेवल्या, मग मागे सोडल्या. सुनेला सांगितलं, "पोरी, तू मागे येत जाऊ नको. मी बघते." सुरुवातीला आवाजात मायाच होती. पुढे सांगावंही लागलं नाही. नवरा ड्युटीवर निघताना मावशी आधी बाहेर यायच्या, त्याला सुनेचं तोंड पहिलं दिसू नये म्हणून. रांगेत कोणाकडे डोहाळजेवण असलं तर बोलावणं एकट्या मावशींना यायचं. कोणी नवी सायकल आणली, कोणी शिलाई मशीन आणलं, की ती वस्तू आधी तिच्या घरासमोरून न्यायची नाही, असं ठरून गेल्यासारखं झालं. उखाणा विसरून हसणारी ती मुलगी वर्षभरात फार हळू बोलायला लागली.

मावशींनी मला परकं केलं नाही. मी भिंतीवर बसतच होतो. पण आता त्या दाणे निवडताना गप्प असायच्या. जे वाचवायला मी खोटं बोललो ते तसंही राहिलं नाही.

एकदा मावशी बाजाराला गेल्या होत्या. मी सुट्टीवर होतो. सून परसाच्या दारात, उंबऱ्याच्या आतच बसून मेथी निवडत होती. बाहेर कोंबड्या हिंडत होत्या. तिनं मला हाक मारली. नवऱ्याचं ऐकून तीही भाऊसाहेबच म्हणायची.

"भाऊसाहेब, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"तुम्ही होतात इथं. मी यायच्या आधी त्या खरंच बऱ्या होत्या?"

तिनं तक्रारीनं विचारलं नव्हतं. उलट ती थोडी लाजली होती, जशी काही नको ती चौकशी करतेय. एक कोंबडी उंबऱ्याजवळ आली तशी तिनं पाय आत ओढून घेतले. तिला स्पर्श होऊ नये म्हणून. कोंबडीला काही होऊ नये म्हणून.

मी म्हणालो, "हो. बऱ्या होत्या."

"मग असेल," ती म्हणाली. आणि मेथीच्या काड्या गोळा करून आत गेली.

मावशींना दिलेलं उत्तर घाबरून दिलं होतं, ते समजू शकतं. हे दुसरं उत्तर मी शांतपणे दिलं. परसात आम्ही दोघंच होतो, कोणाच्या ऐकण्यात नव्हतं, आणि ती फक्त स्वतःसाठी विचारत होती. तोवर तिला थोडीशी शंका होती की आपण निर्दोष असू. ती मी काढून घेतली.

पुढे ड्रायव्हरनं सरकारी नोकरी सोडली. राखोलीच्या एका कारखान्यात चांगली जागा मिळाली, तिकडेच दोन खोल्या बांधल्या. सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा सून सगळ्यात शेवटी, सामानाच्याही मागून बसली. त्यांच्या जागी एक मलयाळी कुटुंब आलं, त्यांनी मधली भिंत उंच करून घेतली.

काही वर्षांनी मावशी गेल्या. मी दहाव्याला राखोलीला गेलो. माणसांची गर्दी होती, आणि मला त्या गर्दीचं बरं वाटलं, कारण गर्दीत बोलता येत नाही. मावशींची माफी तर राहूनच गेली. ती आता मागण्यातही अर्थ नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी निवृत्त झालो. सामान गावी पाठवलं. सिल्वासा सोडायच्या आदल्या दिवशी मी राखोलीला गेलो, फक्त या एकाच कामासाठी. बसमध्ये वाक्य जुळवत होतो. फार लांबवायचं नाही, कारणं द्यायची नाहीत, एकटा होतो वगैरे सांगायचं नाही. आत गेल्यावर, पाणी प्यायल्यावर, लगेच बोलायचं.

नवरा कामावर होता, मुलं शाळेत. ती आता तिशीची झाली होती, अंगानं भरली होती. मला पाहून तिला मनापासून आनंद झाला. "भाऊसाहेब! व माय, किती वर्षांनी!" तोंडून मावशीच बोलल्यासारखं वाटलं. तिनं पाणी दिलं. मी प्यायलो. तिनं चहा टाकला, माझ्या मुलीची चौकशी केली, बायकोच्या गुडघ्यांची चौकशी केली. मागचं दार उघडं होतं. परस मोठा होता, झाडलेला, आणि पूर्ण रिकामा.

"कोंबड्या नाही ठेवल्या? एवढी जागा आहे."

"यांना हौस आहे. पोरंही मागे लागतात." तिनं साखर ढवळली. "मीच नको म्हणते. माझ्या हाताला लाभत नाहीत ना. मुक्या जिवांना कशाला उगीच."

ती हे दुःखानं बोलली नाही. आपल्याला दूध पचत नाही, असं सांगावं तसं बोलली. माझ्या हातात कप होता. मी म्हणालो, "चहा छान झालाय."

पंधरा मिनिटं आणखी बसलो. मग उठलो. तिनं मुलीसाठी एका पिशवीत भुईमुगाच्या शेंगा बांधून दिल्या, नको म्हणत असताना. मी दाराशी आलो आणि चपला शोधू लागलो, तेव्हा ती म्हणाली, "भाऊसाहेब, थांबा जरा. मी आधी आत जाते, मग तुम्ही निघा. उद्या लांबचा प्रवास आहे तुमचा."

"का गं?"

"असू द्या. बरं असतं ते." आणि हसून आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं, माझ्या निघण्यावर तिची नजर पडू नये म्हणून.

मी पुढच्या खोलीत उभा होतो. दार नुसतं लोटलेलं होतं, कडी नव्हती. पलीकडे ती उभी असल्याचं तिच्या बांगड्यांवरून कळत होतं. माझी चप्पल वाजायची ती वाट पाहत होती. मोठ्यानं बोलायचीही गरज नव्हती. वाक्य तयार होतं, बसमध्ये दहा वेळा म्हटलेलं होतं. मी तोंड उघडलं, आणि मग चपला घालून बाहेर पडलो.

पोरी, ती आजारी पिल्लं मी आणली होती. तू त्या घरात यायच्या सहा दिवस आधी. तुझ्या सासूनं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, तू विचारलंस तेव्हाही खोटं बोललो. तुझ्या येण्याचा त्या कोंबड्यांशी काहीही संबंध नव्हता. मला माफ कर.